मुंबई ते जेद्दा: अंतर किती, वेळ किती आणि एहराम कधी?

उमराहची तिकिटं हातात आली की घरात पहिला प्रश्न असतो, "विमानात किती तास बसायचं?" प्रश्न साधा वाटतो, पण एहरामची सगळी तयारी त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. म्हणून हा हिशेब आम्ही इथे सविस्तर मांडत आहोत.

अंतर आणि वेळ

मुंबई आणि जेद्दा या दोन विमानतळांमधलं सरळ हवाई अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर आहे. थेट विमानाला जाताना साधारण पाच ते साडेपाच तास लागतात. परतीचा प्रवास बहुतेकदा थोडा लवकर होतो. कारण उंचावरचे वारे, खास करून हिवाळ्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीमागून ढकलतात.

घड्याळाचा घोळ

सौदी अरबची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे आणि तिकिटावर त्या त्या शहराची स्थानिक वेळ छापलेली असते. समजा, सकाळी ८ वाजता मुंबईहून निघालात आणि सव्वापाच तास लागले, तर भारतात दुपारचे सव्वा वाजलेले असतील, पण जेद्दात पावणेअकराच. तिकिटावर ८ आणि १०.४५ वाचून अनेकांना वाटतं, पावणेतीन तासांचाच प्रवास आहे. तसं नाही.

खरी काळजी मीकातची

थेट मक्का शरीफला उमराहसाठी जाणाऱ्याला मीकात ओलांडण्याआधी एहरामच्या हालतीत असावं लागतं. पूर्वी आपले हाजी मुंबईहून जहाजाने जात, तेव्हा यलमलम ही मीकात समुद्रातूनच येई. जहाजांची ती सफर १९९५ साली बंद झाली. आता विमान पूर्वेकडून, ताइफच्या बाजूने येतं आणि कर्नुल मनाझिलची मीकात उतरण्याच्या साधारण अर्धा तास आधी हवेतच ओलांडली जाते. म्हणजे जेद्दाला उतरल्यावर एहराम बांधू म्हटलं, तर उशीर झालेला असतो. मग मीकातवर परत जाणं किंवा दम देणं, अशी वेळ येते.

म्हणून एवढं लक्षात ठेवा:

- एहरामच्या चादरी मोठ्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. मोठी बॅग जेद्दालाच मिळते.
- गुस्ल घरीच करा. चादरी घरी किंवा मुंबई विमानतळावरच नेसून घ्या. विमानातल्या अरुंद बाथरूममध्ये फार त्रास होतो.
- नियत आणि तलबिया मीकातच्या आधी करा. घोषणा झाली तर उत्तम, पण तिच्यावरच विसंबू नका. झोप लागण्याची भीती असेल तर आधीच नियत करून घ्या.
- दुबई किंवा मस्कतला विमान बदलणार असाल, तर तिथेही तयारी करता येते.

आधी मदिना असेल तर?

विमान थेट मदिन्याला उतरत असेल आणि मक्का नंतर असेल, तर मुंबईहून एहरामची गरज नाही. मदिन्याहून निघताना जवळच्याच जुल हुलैफा, म्हणजे अबयार अली इथे एहराम बांधता येतो.

कोकणातले बरेच लोक शाफई, तर इतर भागांत बहुतेक हनफी आहेत. मसल्याच्या तपशिलात फरक असू शकतो, तेव्हा निघण्याआधी आपल्या आलिमांना जरूर विचारा. अल्लाह सर्वांचा सफर आसान करो, आमीन.