सहा सह्या आणि सात खांब

संयुक्त अरब अमिरातींच्या राज्यघटनेवर सह्या झाल्या त्या १८ जुलै १९७१ रोजी, दुबईत. सह्या करणारे राज्यकर्ते सहा होते: अबू धाबी, दुबई, शारजा, अजमान, उम्म अल कुवैन आणि फुजैरा यांचे शेख. सातवी अमिरात रास अल खैमा त्या दिवशी बाहेरच राहिली. २ डिसेंबर १९७१ रोजी घटना अमलात आली आणि नवे राष्ट्र जन्माला आले, तेव्हाही ती संघराज्यात नव्हती. ती सामील झाली १० फेब्रुवारी १९७२ रोजी. दुबईच्या जुमेरा भागात, जिथे २ डिसेंबरचा समारंभ झाला त्या ‘दार अल इत्तिहाद’ या गोल इमारतीशेजारी आता इत्तिहाद संग्रहालय आहे. त्याचे उद्घाटन २०१६ मध्ये झाले. त्याची वास्तू उलगडलेल्या हस्तलिखितासारखी आहे आणि तिचे सात तिरपे खांब म्हणजे सह्यांच्या लेखण्या, अशी कल्पना आहे. पहिल्या दिवशी लेखण्या सहाच होत्या. पण खांब उभारणाऱ्याला तेवढे स्वातंत्र्य असतेच.

जुलै २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष शेख मोहम्मद बिन झायेद यांनी १८ जुलै हा ‘यौम अहद अल इत्तिहाद’ म्हणून पाळण्याची घोषणा केली. इत्तिहाद म्हणजे ऐक्य. विमान कंपनीमुळे हा शब्द मराठी कानांना परका नाही. ‘अहद’ म्हणजे दिलेला शब्द, वचन. म्हणजे हा दिवस ऐक्यासाठी दिलेल्या वचनाचा. भारतात २६ नोव्हेंबरला संविधान दिन साजरा होतो, तो घटना समितीने घटना स्वीकारली म्हणून, आणि त्या घटनेची सुरुवात ‘आम्ही भारताचे लोक’ अशी होते. अमिरातींच्या घटनेची सुरुवात ‘आम्ही, अमिरातींचे राज्यकर्ते’ या अर्थाची आहे. दोन्ही दस्तऐवजांतला सगळा फरक या पहिल्या शब्दांत सामावला आहे. एक जनतेचा जाहीरनामा, दुसरा राजघराण्यांमधला करार. म्हणून तिथे सोहळा होतो तो सह्यांचा.

हा करार करण्याची घाई का झाली, हे समजायला थोडे मागे जावे लागते. आणि मागे गेले की मुंबई लागते. १८१९ च्या अखेरीस रास अल खैमावर चालून गेलेली ब्रिटिश मोहीम मुंबईहून निघाली होती. १८२० च्या तहानंतर या किनाऱ्यावरचे शेख एकेक करून ब्रिटिशांशी करारबद्ध होत गेले. १८५३ च्या कायमस्वरूपी सागरी तहावरूनच या भागाला ‘ट्रूशियल स्टेट्स’, म्हणजे तहबद्ध राज्ये, हे नाव पडले. आखातातला ब्रिटिश कारभार १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या देखरेखीखाली होता आणि पुढे १९४७ पर्यंत भारत सरकारच्या. विसाव्या शतकाच्या मध्यावरही तिथल्या बाजारात रुपया चालत होता. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा रुपया काढला.

जानेवारी १९६८ मध्ये ब्रिटनने जाहीर केले की १९७१ च्या अखेरपर्यंत सैन्य आखातातून काढून घेऊ. पुढच्याच महिन्यात, १८ फेब्रुवारीला, अबू धाबीचे शेख झायेद आणि दुबईचे शेख राशिद दोन्ही राज्यांच्या सीमेवरच्या वाळवंटात भेटले आणि एकत्र यायचे त्यांनी ठरवले. त्यानंतर बहरीन आणि कतार धरून नऊ राज्यांची बोलणी सुरू झाली. ती तीन वर्षे रेंगाळली. राजधानी कुठे, प्रतिनिधी कोणाचे किती, या मुद्द्यांवर गाडी अडत राहिली. शेवटी १९७१ मध्ये बहरीन आणि कतार स्वतंत्रपणे वेगळे झाले. इजिप्तचे कायदेपंडित वाहिद राफत यांनी तयार केलेला मसुदा उरलेल्यांच्या हाती होता. त्यावर सह्या झाल्या, पण नाव पडले ‘तात्पुरती राज्यघटना’.

हे तात्पुरतेपण चांगले पंचवीस वर्षे टिकले. घटना पाच वर्षांसाठी होती. मुदत संपली की पुन्हा पाच वर्षे वाढवायची, असे चालले. कायमस्वरूपी घटनेचा प्रयत्न १९७० च्या दशकातच झाला, पण सैन्य, तेलाचे उत्पन्न आणि केंद्राचे अधिकार यांवर एकमत होईना. १९७९ मध्ये मंत्रिमंडळ आणि नागरिकांचा आवाज पोचवणारी संघीय राष्ट्रीय परिषद यांनी मिळून अधिक एकीकरणाची मागणी करणारे निवेदन राज्यकर्त्यांपुढे ठेवले, तेव्हा अबू धाबी आणि दुबई यांच्यातला ताण उघड झाला. शेख राशिद यांनी पंतप्रधानपद स्वीकारले आणि प्रकरण निवळले. अखेर १९९६ मध्ये ‘तात्पुरती’ हा शब्द काढून टाकण्यात आला.

त्याच दुरुस्तीत राजधानीचाही निकाल लागला. मूळ कलम ९ नुसार अबू धाबी आणि दुबई यांच्या सीमेवर, दोघांनी दिलेल्या जमिनीवर ‘अल करामा’ नावाचे नवे शहर वसवायचे होते. करामा म्हणजे मान, प्रतिष्ठा. ते शहर कधी वसलेच नाही आणि अबू धाबीच कायमची राजधानी झाली. दुबईतली करामा ही भारतीयांच्या वर्दळीची वस्ती वेगळी. तिचा या कागदावरच्या राजधानीशी संबंध नाही.

घटनेत १५२ कलमे आहेत. सत्तेच्या शिखरावर सात राज्यकर्त्यांची सर्वोच्च परिषद आहे. प्रत्येकाला एक मत, पण महत्त्वाच्या निर्णयाला किमान पाच मते लागतात आणि त्यांत अबू धाबी आणि दुबई ही दोन असावीच लागतात. म्हणजे या दोघांना नकाराधिकार आहे. ही परिषद आपल्यातूनच पाच वर्षांसाठी राष्ट्राध्यक्ष निवडते. आतापर्यंत तिघेही अबू धाबीचेच झाले. परराष्ट्र व्यवहार, संरक्षण, नागरिकत्व, चलन हे विषय केंद्राकडे. बाकीचे, घटनेत न सांगितलेले सगळे, अमिरातींकडे. भारतात शेषाधिकार केंद्राकडे असतात, इथे नेमके उलटे. कलम २३ प्रमाणे जमिनीखालचे तेलही त्या त्या अमिरातीचे. न्यायालयांचीही अशीच वाटणी आहे: अबू धाबी, दुबई, रास अल खैमा अशा काहींची स्वतःची न्यायव्यवस्था, तर काहींकडे संघीय न्यायालये. एकाच देशात एका शहरातून दुसऱ्या शहरात गेल्यावर नियम का बदलतात, असा प्रश्न नव्याने गेलेल्या माणसाला पडतो. त्याचे उत्तर या कलमांत आहे.

नागरिकांचा आवाज पोचवायला चाळीस सदस्यांची संघीय राष्ट्रीय परिषद आहे. अबू धाबी आणि दुबईला प्रत्येकी आठ जागा, शारजा आणि रास अल खैमाला सहा, उरलेल्या तिघांना चार. ती विधेयकांवर चर्चा करते, दुरुस्त्या सुचवते, मंत्र्यांना प्रश्न विचारते. पण तिचा शब्द अखेरचा नसतो. सदस्य कसे निवडायचे हे घटनेने प्रत्येक अमिरातीवर सोपवले होते आणि २००६ पर्यंत सगळेच नेमलेले असत. त्या वर्षापासून निम्मे सदस्य निवडून येऊ लागले. मतदान मात्र सरकारने ठरवलेल्या मतदार यादीतल्यांनीच करायचे. पहिल्या यादीत साडेसहा हजारांच्या आसपास नावे होती, २०२३ मध्ये ती चार लाखांच्या जवळ पोचली. राजकीय पक्ष नाहीत. २००६ मध्ये निवडून आलेल्या अमल अल कुबैसी २०१५ मध्ये परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. २०१९ पासून निम्म्या जागा स्त्रियांना आहेत.

या घटनेचे ज्ञान कोणाला द्यायचे, हा प्रश्न इथे इतर देशांपेक्षा अवघड आहे. देशात राहणाऱ्या दर दहांपैकी साधारण नऊ जण नागरिकच नाहीत. घटना ही गोष्ट विसरत नाही. व्यक्तिस्वातंत्र्याची हमी देणारे कलम २६ नागरिकांविषयी बोलते, सरकारी पदे नागरिकांना खुली असल्याचे कलम ३५ सांगते. कलम २५ मात्र सर्व व्यक्तींना कायद्यापुढे समान मानते. कलम ४० परदेशी माणसांना आंतरराष्ट्रीय करारांतले हक्क देते. आणि राज्यघटनेचा आणि कायद्याचा आदर राखण्याचे कर्तव्य कलम ४४ ने ‘सर्व रहिवाशांवर’ टाकले आहे. मत देण्याचा प्रश्नच नाही, पण कर्तव्यातून सुटकाही नाही, अशी ही रहिवाशाची जागा. मराठीतल्या ‘नागरिकशास्त्र’ या विषयाला तिथे खरे तर ‘रहिवासीशास्त्र’ म्हणावे लागेल.

तसे काहीसे घडलेही आहे. २०१७ पासून देशभरातल्या शाळांत, खासगी आणि भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांतही, नैतिक शिक्षण हा विषय सुरू झाला. सुरुवातीला त्याचे चार भाग होते: चारित्र्य, व्यक्ती आणि समाज, संस्कृती आणि नागरी शिक्षण. दुबई किंवा अबू धाबीतल्या सीबीएसई शाळेत शिकणारे मराठी मूल त्यामुळे दोन देशांची व्यवस्था शिकते. एका पुस्तकात सार्वभौम लोक, मूलभूत हक्क आणि प्रौढ मताधिकार. दुसऱ्यात सात अमिराती, त्यांचे ऐक्य आणि सहिष्णुता. दोन्ही देशांचे मोठे दिवसही जवळजवळ येतात. २६ नोव्हेंबरला भारतीय वकिलातींत उद्देशिकेचे वाचन होते आणि सहा दिवसांनी, २ डिसेंबरला, सगळा देश चौरंगी झेंड्यांनी सजलेला असतो.