गोळी पोटात, अंडी मातीत
लेखमाला : पोटाची गोष्ट – भाग ७

गुळाने जंत होत नाहीत. साखरेने, चॉकलेटनेही होत नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त विचारणा याचीच झाली. लहानपणी मी गुळाच्या ढेपेजवळ दिसलो की आजी "जंत होतील रे" म्हणून हाकलायची आणि संध्याकाळी वावडिंग उकळून पाजायची. आजीचं औषध अगदीच वावगं नव्हतं, आयुर्वेदात वावडिंग कृमिघ्न म्हणूनच ओळखलं जातं. निदान मात्र चुकलं होतं. गूळ निर्दोष. गुन्हेगार होती माझी नखं, आणि त्याआधी आमच्या मळ्याचा बांध, जिथे सकाळी टमरेल घेऊन सगळेच जायचे.

गोल जंताचं अंडं सूक्ष्मदर्शकाखाली एकदा पाहावं. तपकिरी, वरून खवल्याखवल्यांचं, थेट सीताफळाची प्रतिकृती. फक्त मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाएवढं. ते खडबडीत आवरण चिकट असतं, म्हणून बोटाला, नखाखाली, पाल्याच्या देठाला चिकटून राहतं. एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ती शौचातून बाहेर पडतात तेव्हा निरुपद्रवी असतात. ओलसर, सावलीच्या मातीत दोन-तीन आठवडे मुरली की आत अळी तयार होते, आणि मग ते अंडं पुढे काही वर्षंसुद्धा दम धरून बसतं. म्हणजे जंत माणसाकडून माणसाकडे जात नाही, मातीकडून माणसाकडे जातो. मध्ये मातीचा मुक्काम लागतोच. (रात्री मुलांना शौचाच्या जागी खाज आणणारे पांढरे, दोऱ्यासारखे बारीक कृमी वेगळे. त्यांना मातीची गरज नाही, एकाच अंथरुणात झोपणारं सगळं घर त्यात सापडतं.)

गिळलेल्या अंड्यातली अळी आतड्यात गपचूप बसेल तर शपथ. ती आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते, यकृतातून फुप्फुसात जाते, तिथून श्वासनलिकेने वर घशाशी येते आणि पुन्हा गिळली जाते. एवढी प्रदक्षिणा झाल्यावर कुठे ती आतड्यात स्थिरावते. यावर विश्वास बसत नसेल तर कोइनो या जपानी डॉक्टरची गोष्ट ऐका. १९२२ साली त्याने स्वतःच जंतांची २,००० अंडी गिळली. काही दिवसांत ताप आणि खोकला सुरू झाला, आणि त्याच्याच थुंकीत अळ्या सापडल्या. पोटाच्या रोगाचा पत्ता छातीत लागला. गिळल्यापासून दोन-तीन महिन्यांनी जंत अंडी घालू लागतो. वाढला की वीतभर, कधी त्याहून लांब. पोटात पाच-दहा असले तर मूल एरवी धडधाकट दिसतं. शंभर असले तर त्यांचा गुंता होऊन आतडंच बंद पडू शकतं आणि प्रकरण थेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर जातं.

अंकुशकृमीची तऱ्हा आणखी वेगळी. तो तोंडाची वाट बघत नाही. त्याच्या अळ्या ओल्या मातीत तग धरून असतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून सरळ आत घुसतात. पायाला दोन दिवस खाज येते, मूल खाजवतं, विसरतं. कृमी जेमतेम एक सेंटिमीटरचा, पण आतड्याला दातांनी चिकटून रक्त पितो. त्यातला मोठा प्रकार एकटा दिवसाला ०.२ मिलिलिटरपर्यंत रक्त काढतो. असे शंभर असले तर रोजचे चार चमचे झाले. बाजरीची भाकरी आणि डाळ खाऊन ते भरून काढायचं कसं? 'पोरगं पांढरंफटक पडलंय, वर्गात पेंगतं' ही तक्रार पुष्कळदा इथून सुरू होते.

आता आपल्याकडे बघू. जुन्नर-आंबेगावच्या पूर्व भागाची जमीन एके काळी मे महिन्यात तव्यासारखी तापायची. कडक ऊन आणि कोरडी माती हे जंताच्या अंड्यांचे शत्रू. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं झाली, डिंभ्याचं पाणी आलं, ऊस, द्राक्षं, टोमॅटो आला. दोन्ही तालुक्यांचं भलं झालं यात वाद नाही. पण बारमाही ओल आणि पिकाची सावली माणसाला मानवते तशी जंतालाही मानवते. त्यातही पिकापिकात फरक आहे. नारायणगावच्या बाजारात क्रेटने येणारा टोमॅटो तारकाठीवर चढलेला असतो, मातीला त्याचा फारसा स्पर्श नाही. त्याच बाजारात येणारी कोथिंबिरीची जुडी मात्र मुळासकट उपटलेली असते. घरी आणल्यावर जुडी सोडून मुळं कापावीत, पाला भांडंभर पाण्यात दोन-तीनदा खळबळून घ्यावा आणि तळाशी काय बसतं ते बघावं. नुसती नळाखाली धरली की धुतली असं आपण म्हणतो, पण चिकट अंडं तेवढ्याने निघत नाही. चटणीत कोथिंबीर कच्चीच जाते, हे ध्यानात असू द्यावं.

औषध सोपं आहे. २०१५ साली काही राज्यांत सुरू झालेला राष्ट्रीय जंतनाशक दिन आता देशभर पाळला जातो, साधारणपणे १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास. १ ते १९ वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत, शाळेत अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी फुकट मिळते. दोन वर्षांखालच्या बाळाला अर्धी. तीन वर्षांपर्यंत दोन चमच्यांमध्ये चुरून पाण्यातून, त्यापुढे चावून. चावूनच, कारण अख्खी गोळी लहान्याच्या घशात अडकते. मूल आजारी असेल तर त्या दिवशी देत नाहीत. गोळीनंतर थोडं पोट दुखलं, मळमळलं तर घाबरू नये, ज्याच्या पोटात जंत जास्त त्याला हा त्रास जास्त. राहिलेल्या मुलांसाठी आठवड्याने पुन्हा एक दिवस असतो. हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने भारतातल्या १ ते १४ वर्षांच्या सुमारे २४ कोटी मुलांना जंतांचा धोका होता.

गोळीचे गोडवे गाताना एक गोष्ट लपवू नये. उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख लहान मुलांवर केलेला मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. दर सहा महिन्यांनी गोळी देऊनही मुलांच्या वजनात किंवा मृत्यूंच्या प्रमाणात फारसा फरक पडलेला त्यात दिसला नाही. केनियातल्या अभ्यासात मात्र गोळी मिळालेल्या शाळांत मुलांची गैरहजेरी कमी झाली होती. तज्ज्ञांचं भांडण अजून मिटलेलं नाही. मला विचाराल तर ज्याच्या पोटात जंत आहेत त्या मुलाला गोळी दिलीच पाहिजे. पण गोळी पोटातले जंत मारते, बांधावरची अंडी मारत नाही. मूल त्याच मातीत परत खेळायला गेलं की पुढच्या पावसापर्यंत हिशेब पूर्ववत. युद्धानंतरच्या जपानमध्ये निम्म्याहून अधिक लोकांच्या पोटात जंत होते, मैलाचं खत भाजीला घालायची रीत होती. त्यांनी शाळाशाळांतून शौचाच्या तपासण्या केल्या, औषध दिलं आणि खताची ती रीतही मोडली. तिन्ही एकदम केलं म्हणून जंत गेले.

महाराष्ट्राचा ग्रामीण भाग २०१८ साली हागणदारीमुक्त जाहीर झाला. ती मोजणी घरांची होती. ऊसतोड टोळीची कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, घरांत धरली जात नाही, नारायणगावच्या मजूर अड्ड्यावरून आठवडाभराच्या कामाला शेतावर नेलेल्या कुटुंबालाही त्या मोजणीत जागा नाही. विघ्नहर आणि भीमाशंकर या दोन्ही साखर कारखान्यांचा हंगाम फेब्रुवारीत ऐन भरात असतो. म्हणजे गोळीच्या दिवशी ऊसतोड टोळ्यांची मुलं त्यांच्या गावच्या शाळेच्या पटावर असतात आणि प्रत्यक्षात आपल्या रानात, अनवाणी. गोळी तिकडे, पोर इकडे. आणि त्यांच्या आईबापांनी परसाकडे कुठे जायचं हे ज्याने ठरवायचं, तो शेतमालक हा लेख वाचत असण्याची शक्यता बरीच आहे.

तर बागायतदार मंडळींना एवढंच सांगणं. तुमच्या रानात कोप्या पडल्या असतील तर १० फेब्रुवारीच्या आधी तिथली पोरं मोजा आणि आकडा अंगणवाडीच्या ताईंना कळवा. पटावर नाव नसलं तरी गोळी मिळते. आणि कोप्यांपासून जरा लांब, विहिरीच्या खालच्या अंगाला एक शोषखड्ड्याचा संडास बांधून द्या. टोमॅटोच्या एका तोडीच्या पैशात होतो.