अद्भुताची आणि प्रेमाची किंमत

नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ साली प्रसिद्ध झाली. तिच्या प्रस्तावनेत त्यांनी आपली अडचण मोकळेपणाने सांगितली आहे. आपल्याकडची लग्नाची रीत आणि इतर काही कारणे यांमुळे आपल्या लोकांच्या आयुष्यात मन वेधून घेतील असे गुणही सापडत नाहीत आणि दुर्गुणही. मग रोजचेच लिहिले तर वाचणार कोण, असा त्याचा भावार्थ. म्हणून त्यांनी अद्भुताची वाट धरली. अजाण वयातच लग्ने उरकली जात, त्या समाजात प्रेमकथा घडायला जागाच कुठे होती? प्रेम लिहायचे तर आधी वेगळे जग उभे करावे लागे. मराठीत अद्भुत आणि प्रेम अशा बरोबरीने कादंबरीत आले आणि ‘वेळ घालवायची पुस्तके’ म्हणून पुढे बराच काळ दोघांनाही ओसरीवरच बसवले गेले.

गेले वर्ष-दीड वर्ष मी ठरवून याच दोन प्रकारांतली पुस्तके वाचते आहे. काही सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयातून आणली, काही माहेरच्या कपाटातून काढली, इंग्रजीतली नवी पुस्तके भाचीने दिली. वाचताना मी प्रत्येक पुस्तकाला एकच प्रश्न विचारत गेले: या चमत्काराची, या प्रेमाची किंमत कोण मोजतो आहे? ज्या पुस्तकाकडे या प्रश्नाचे उत्तर होते ते मनात राहिले. ज्याच्याकडे नव्हते ते कितीही गोड असले तरी परत करताना त्यातल्या नायिकेचे नावसुद्धा आठवेना.

सुरुवात जुन्यापासून केली. गोविंद नारायणशास्त्री दातार यांची ‘कालिकामूर्ती’ आणि ‘इंद्रभुवनगुहा’ ही आजही वाचवतात. भुयारे, गुप्त दरवाजे, वेषांतरे, ओलीस धरलेल्या राजकन्या हा मसाला तोच आहे, जो हिंदीत देवकीनंदन खत्रींनी ‘चंद्रकांता’त वापरला. पण दातारशास्त्र्यांची वाक्ये संस्कृत शिकलेल्या माणसाची आहेत. धावपळीच्या प्रसंगातही त्यांचा तोल जात नाही. नाथमाधवांची ‘वीरधवल’ त्या मानाने पसरट वाटली. प्रसंगामागून प्रसंग येतात, पण नायकाचे काही कायमचे हिरावून घेतले जात नाही. संकट येते तितक्याच सहज टळते. लहानपणी हे चालते. चाळिशीनंतर जमत नाही.

ना. सी. फडके यांच्याबद्दल मी माझे मत थोडे बदलले आहे, आणि तेही अर्धेच. ‘जादूगार’, ‘दौलत’, ‘अटकेपार’ या १९२८ ते १९३१ या काळातल्या कादंबऱ्या ओळीने वाचल्या. रचना अशी की एकही प्रकरण सैल सुटत नाही. तरुण-तरुणी एकमेकांशी बरोबरीने बोलतात, भांडतात, रुसतात, आणि त्या काळच्या मुलींना हे छापील पानावर दिसणे ही मोठी गोष्ट होती. माझ्या आजीच्या पिढीने या कादंबऱ्या उशीखाली ठेवून वाचल्या, ते उगीच नाही. मात्र प्रेमाच्या आड जे येते ते बहुतेक वेळा गैरसमज असते, मत्सर असतो नाहीतर योगायोग. जात जवळपास नसतेच. ज्या समाजात लग्नाचा पहिला प्रश्न जात हाच होता, तिथल्या प्रेमकादंबरीने तो प्रश्नच गाळला की प्रेम फार स्वस्तात मिळते. फडक्यांच्या सगळ्या कौशल्यानंतरही ही उणीव भरून निघत नाही.

त्यांच्यानंतरच्या वाचनालयी कादंबरीची गोष्ट निराळी. योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर, स्नेहलता दसनूरकर, कुमुदिनी रांगणेकर. ही नावे घेतली की समीक्षक भुवई उंचावतात, पण महाराष्ट्रातल्या गावोगावच्या वाचनालयांची वर्गणी याच लेखिकांनी आणून दिली. दुपारचे जेवण उरकून, मागचे आवरून, तासभर स्वतःसाठी काढणाऱ्या बायकांच्या त्या सोबती होत्या. सगळ्याच कादंबऱ्या चांगल्या नाहीत. अनेकींत शेवटी नायिकेने सोसायचे आणि नायकाने उमजायचे, एवढेच होते. तरी या ढिगात बाईच्या एकटेपणाचे, सासरच्या घरात तिने गिळलेल्या बोलण्याचे जे तपशील आहेत, ते त्या काळच्या ‘गंभीर’ कादंबरीत मला क्वचितच दिसले. कुणीतरी अभ्यासकाने हा साठा नीट चाळायला हवा.

दिवाळी अंकात लिहिते आहे म्हणून चंद्रकांत काकोडकरांची आठवण इथे काढायलाच हवी. त्यांची ‘श्यामा’ १९६२ साली ‘रंभा’च्या दिवाळी अंकातच आली होती. अश्लीलतेचा खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली काकोडकर निर्दोष सुटले. त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’वरून काढलेला ‘दो रास्ते’ देशभर गाजला. आज ‘श्यामा’ वाचताना प्रश्न पडतो की यात कुणाला काय खुपले असेल. कलाकृती म्हणून ती मला बेताचीच वाटली. पण प्रेमकथा लिहिल्याबद्दल या माणसाला कित्येक वर्षे कोर्टाची पायरी चढावी लागली, हे मराठी वाचकाने विसरू नये.

प्रेम आणि अद्भुत दोन्ही एकाच कादंबरीत पेललेले पाहायचे असेल तर मी अजूनही खांडेकरांची ‘ययाति’च हातात देईन. १९५९ची ही कादंबरी. तिला साहित्य अकादमी मिळाले आणि पुढे खांडेकरांना ज्ञानपीठ. भाषा जागोजागी सुभाषितांनी जड झालेली आहे, हे खरेच. कचाच्या तोंडची प्रवचने मी या वेळी भरभर उलटली. पण कथेच्या मुळाशी असलेला तो एक चमत्कार किती भयंकर आहे! बापाला तारुण्य हवे, तर मुलाने म्हातारपण घ्यायचे. इथे किंमत कोण मोजतो हे विचारावे लागत नाही, ते समोर उभे असते. शिवाय ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः सांगतात, त्यामुळे कुणालाही सहज सोडता येत नाही. देवयानीचा राग मला पंचविशीत समजला नव्हता. आता समजतो.

अद्भुताच्या बाबतीत मात्र शिखर एकच आहे आणि ते कादंबरीचे नाही. जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘रमलखुणा’तल्या ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोन दीर्घकथा १९७५ साली पुस्तकरूपात आल्या. बेळगावात वाढलेला, धारवाडात शिकवणारा हा लेखक नकाशात नसलेले देश उभे करतो आणि आपण तिथल्या धुळीसकट ते मान्य करतो. नियती माणसाला सूट देत नाही, हा त्याच्या जगाचा नियम, आणि नियम ठरला की तो लेखक स्वतःही मोडत नाही. अर्सुला ले ग्विनच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’मध्येही हेच शिस्तीचे भान आहे: केलेल्या प्रत्येक जादूचा हिशेब जगात कुठेतरी द्यावा लागतो. नव्याने अद्भुत लिहू पाहणाऱ्याने आधी या दोघांकडे जावे.

नारायण धारप यांच्याकडे जाताना अपेक्षा वेगळी ठेवावी लागते. ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली आहे, आणि त्यांचे आणखीही काही असेच बाहेरून आलेले आहे. तरी धारपांची मूठ स्वतःची आहे. माजघर, अडगळीची खोली, पेन्शनीत निघालेले गृहस्थ, शेजारची काकू असे सगळे ओळखीचे मांडून मग त्यात ते एकच गोष्ट चुकीच्या जागी ठेवतात. त्यांच्या ‘आजी’ या कथेची प्रेरणा ‘तुंबाड’ चित्रपटामागे होती. २०२४मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा तरुण पोरांनी चित्रपटगृहे भरली. त्यातल्या किती जणांना धारपांचे नाव माहीत होते?

आजच्या लेखकांत या वाटेवर हृषीकेश गुप्ते सगळ्यांत पुढे आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘दंशकाल’मध्ये भीती बाहेरून येत नाही, घराण्याच्या वासना आणि लपवाछपवी यांतूनच ती उगवते. ‘हाकामारी’ लहान आहे आणि मला अधिक आवडली. रात्री दारावर कुणीतरी नावाने हाक मारते, ‘ओ’ दिली की संपले, ही अफवा आमच्या लहानपणी सोलापुरातही होती आणि मोठी माणसेसुद्धा पहिल्या हाकेला उत्तर देत नसत. ही भीती आपली आहे, कुणाकडून उसनी आणलेली नाही, म्हणून ती पानावर लगेच जिवंत होते.

मुरलीधर खैरनार यांची ‘शोध’ आणि वसंत वसंत लिमये यांची ‘विश्वस्त’ यांना अद्भुत म्हणायचे की रहस्यकथा, यावर वाद घालता येईल. सुरतेच्या दुसऱ्या लुटीतला दडलेला खजिना शोधणारी ‘शोध’ मी दोन बैठकींत संपवली. तिच्यातला नाशिकचा डोंगराळ भूगोल पक्का आहे. ‘विश्वस्त’ला थोडी कात्री लागायला हवी होती.

सुहास शिरवळकरांच्या चाहत्यांना राग येईल, पण ‘दुनियादारी’पेक्षा मला त्यांची ‘समांतर’ मोलाची वाटते. आपण जगतो आहोत तेच आयुष्य तीस वर्षांपूर्वी दुसरा एक माणूस जगून गेला आहे, हे नायक कुमार महाजनला कळते, आणि त्या माणसाच्या डायऱ्या त्याच्या हातात येतात. उद्या काय होणार हे आज वाचता आले तर? कल्पना एका ओळीची आहे, पण शिरवळकर तिला शेवटपर्यंत पिळतात. कुमारला जे कळते ते फुकट कळत नाही.

अलीकडच्या प्रेमकादंबऱ्यांत दोन पुस्तके मी पुन्हा पुन्हा वाचेन. पहिले गौरी देशपांडे यांचे ‘तेरुओ आणि काही दूरपर्यंत’. अरबी सुरस कथांचे सोळा खंड मराठीत आणणारी हीच लेखिका. अद्भुत आणि प्रेम यांच्यातले अंतर किती कमी आहे हे तिला ठाऊक असणारच. विवाहित बाईचे दुसऱ्या पुरुषावरचे प्रेम ती ना माफी मागत लिहिते, ना मिरवत. दुसरे सचिन कुंडलकर यांचे ‘कोबाल्ट ब्लू’, २००६चे. घरात पेइंग गेस्ट म्हणून आलेल्या एकाच मुलाच्या प्रेमात भाऊही पडतो आणि बहीणही. आधी तनय बोलतो, मग अनुजा. तो मुलगा निघून गेल्यावर तनयला रडण्याचीही सोय उरत नाही, कारण त्याचे दुःख घरात कुणाला सांगण्याजोगेच नाही. मराठी मध्यमवर्गीय घर इतक्या जवळून आणि इतक्या कमी पानांत मी दुसरीकडे पाहिलेले नाही. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ याच शेल्फवर ठेवते. नववीतल्या मुकुंदाचे शिरोडकरवरचे प्रेम कोवळे आहे, पण आणीबाणीच्या काळाने त्याला खाली जमीन दिली आहे.

आता भाचीची पुस्तके. तिच्या वयाच्या मुली सध्या ड्रॅगन आणि प्रेम एकत्र असलेल्या जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या वाचतात. सारा जे. मासची ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ मला लांबलेली परीकथा वाटली. पहिला अर्धा भाग चांगला, पुढे सगळे सुंदर आणि सगळे बलवान. रेबेका यारोसची ‘फोर्थ विंग’ तिच्याहून उजवी. नायिकेची हाडे-सांधे नाजूक आहेत, ड्रॅगनच्या पाठीवर टिकण्यासाठी तिला रोज दुखणे सोसावे लागते, आणि तेवढा भाग खरा उतरला आहे. प्रेमाचा भाग मात्र आधीच ठरल्यासारखा घडतो. भाची म्हणते, “मावशी, यात घरचे लोक मध्ये येत नाहीत, म्हणून बरं वाटतं.” या एका वाक्यावर मी बरेच दिवस विचार करते आहे. रिसबुडांनी १८६८ला जे कारण दिले, त्याच्याच आसपास ही मुलगी आज उभी आहे. इथे प्रेमाला जागा नाही, म्हणून दुसऱ्या जगाची पुस्तके हवीत.

आणि इथल्या प्रेमाची खरी गोष्ट आमच्याच जिल्ह्याने सांगितली, पण कादंबरीतून नाही. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी २०१६ साली ‘सैराट’ केला. विहीर, उसाचे फड, बुलेट, सारे स्वप्नासारखे सुंदर, आणि शेवटी जात आपली पूर्ण किंमत वसूल करते. फडक्यांपासून गाळत आलेला प्रश्न त्यात पडद्यावर आला. मराठी प्रेमकादंबरीने त्याच्या तोडीचे काही अजून दिले आहे, असे मला वाटत नाही.

सोलापूरकराला अद्भुतासाठी दूर जायचे कारणच नाही. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या आख्यायिकेत त्यांच्या दारी रोज सडा-रांगोळी घालणारी कुंभाराची मुलगी त्यांच्यावर मन जडवते. ते योगी, लग्नाला नकार देतात, आणि तिच्या हट्टापुढे म्हणतात, माझ्या योगदंडाशी लग्न कर. दर संक्रांतीच्या यात्रेत हे लग्न आपण लावतो. पांढऱ्या बाराबंदीतले लोक सात नंदीध्वज खांद्यावर पेलत आणतात, सम्मती कट्ट्याजवळ अक्षता पडतात, आणि मग होम मैदानावर बाजरीच्या पेंढीला शालू नेसवून, तिलाच कुंभारकन्या मानून अग्नी दिला जातो. लाखो माणसे हे पाहतात. प्रेम आहे, चमत्कार आहे, आणि किंमत एकट्या तिने मोजली आहे. तिच्या बाजूने लिहिलेली कादंबरी मी शोधते आहे. मला अजून सापडलेली नाही. यात्रा मराठी, कन्नड, तेलुगू बोलणाऱ्या सगळ्यांची. तेव्हा ती कादंबरी या तिन्हींपैकी कुठल्याही भाषेत आली तरी चालेल. सोलापुरातल्या लिहित्या मुलींना माझी विनंती आहे: ड्रॅगन जरूर वाचा, पण ही कादंबरी तुम्ही लिहा, आणि तिचे पहिले प्रकरण एखाद्या दिवाळी अंकाकडे पाठवा.