फक्त ०.०५ सेकंद! अविनाश साबळेची स्टीपलचेस

पन्हाळ्याचा चढ रोज पळत चढणाऱ्या पोरांनो, ही पोस्ट तुमच्यासाठी.

३००० मीटर स्टीपलचेस म्हणजे २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरची उडी. पुरुषांचा अडथळा ९१.४ सेंमी उंच आणि भक्कम. पाय अडकला तर अडथळा पडत नाही, धावणाराच पडतो!

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे अविनाशचं गाव. बारावीनंतर लष्कर, महार रेजिमेंट, सियाचीनची ड्युटी आणि मग ट्रॅक.

🥈 २०२२, बर्मिंगहॅम राष्ट्रकुल: ८:११.२०. केनियाचा अब्राहम किबिवोत अवघ्या ०.०५ सेकंदाने पुढे. १९९८ पासून इथली तिन्ही पदकं केनियाच नेत होता. ती मक्तेदारी आपल्या गड्याने मोडली!

🥇 २०२३, हांगझोऊ एशियाड: सुवर्ण, ८:१९.५०.

⏱️ २०२४, पॅरिस डायमंड लीग: ८:०९.९१, राष्ट्रीय विक्रम. त्याच वर्षी ऑलिंपिकची अंतिम फेरी, ११वा क्रमांक.

आपल्या शेजारच्या साताऱ्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओत याच शर्यतीच्या अंतिम फेरीत दहावी आली होती. दोघंही दुष्काळी भागातले!

बर्मिंगहॅमची शेवटची फेरी यूट्यूबवर नक्की बघा. पाण्याच्या अडथळ्यावर पाय टेकवून तो पुढे कसा झेपावतो, तिकडे लक्ष द्या.