मंदीत कोर्टाचं काम वाढतं, वकिलाची फी मात्र उधारीवर

नंदुरबार : मिरचीचा भाव पडला की झळ आधी शेतकऱ्याला बसते, मग मजुराला, दुकानदाराला. दोन-चार महिन्यांनी ती काळ्या कोटापर्यंतही पोहोचते. वकिलाला पगार नसतो. बार कौन्सिलच्या नियमानुसार वकिली करताना पूर्णवेळ नोकरी करता येत नाही, स्वतः धंदा चालवता येत नाही. पक्षकाराच्या खिशात पैसा असेल तरच वकिलाच्या घरात किराणा येतो.

पैसा आटला की आधी थांबतात ती खरेदीखतं. प्लॉटचे व्यवहार बसले की दस्त लिहिणारा, टायपिंगवाला, झेरॉक्सवाला सगळेच माशा मारत बसतात. भांडणं मात्र वाढतात. चेक बाऊन्स, उधारीची वसुली, पोटगी. काम येतं, पण ‘माल विकला की देतो, साहेब’ या बोलीवर. जुन्या वकिलाचं कसंतरी निभतं; नुकतीच सनद घेतलेल्या पोराला बसभाड्याचीही पंचाईत होते.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये हे उघडं पडलं. कोर्टं तातडीच्या कामापुरती चालली, तारखेवर पोट असणाऱ्यांची कमाई बंद झाली. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीत धरला नव्हता. आता ती सवलत नाही.

म्हणून मालाचा चेक परत आला तर थांबू नका. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस असतात. तरी पैसे आले नाहीत तर त्यापुढच्या एक महिन्यात कोर्टात तक्रार. ‘फीचे पैसे जमले की बघू’ म्हणणाऱ्याचा इथेच घात होतो.

आणि फी नाही म्हणून अडायचं कारणही नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कुठल्याही महिलेला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातीचे होते, म्हणजे निम्म्याहून जास्त जिल्हा यात बसतो. अर्ज तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे करायचा. हेल्पलाइन १५१००.

लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. पण त्या निवाड्यावर अपील नाही, तेव्हा सही-अंगठ्याआधी कागद कोणाकडून तरी पूर्ण वाचून घ्या.