तलावाकाठची वस्ती आणि मण्यारीचा दंश

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत जुन्या मालगुजारी तलावांच्या पाण्यावर धानाची शेती होते. जेथे पाणी व धान तेथे बेडूक व उंदीर असावयाचेच, आणि भक्ष्याच्या मागोमाग सापही वस्तीत येतात. त्यांपैकी मण्यार ही जात विशेष घातक होय. कारण तिचा दंश सहसा ध्यानात येत नाही.

ओळख : मण्यार निळसर काळी व तुकतुकीत असून तिच्या अंगावर बारीक पांढरे पट्टे असतात. ती दिवसा दडून राहते व रात्री हिंडते. जमिनीवर निजलेल्या माणसास ती झोपेतच चावते. दंशाच्या जागी वेदना वा सूज बहुधा नसते. दातांची खूणही पुष्कळदा दिसत नाही. म्हणून रात्री वा पहाटे अकस्मात पोटात कळा येऊ लागल्या, ओकारी झाली, पापण्या जड होऊन मिटू लागल्या किंवा गिळणे व बोलणे कठीण झाले, तर ते अपचन समजून वेळ दवडू नये. या विषाने स्नायू लुळे पडतात व शेवटी श्वास थांबतो.

उपाय : रोग्यास धीर द्यावा व चालू देऊ नये. दंशाची जागा माहीत असल्यास तो अवयव फळी बांधून स्थिर ठेवावा. आवळपट्टी बांधणे, जखम कापणे, विष चोखणे किंवा मांत्रिकाकडे नेणे सर्वथा टाळावे. गुंगी वा ओकारी असल्यास रोग्यास कुशीवर निजवावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी आणि प्रतिविष व कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात विनाविलंब न्यावे. वेळीच कृत्रिम श्वास मिळाल्यास लुळा पडलेला रोगीही वाचू शकतो. साप पकडून नेण्याची गरज नाही; नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही जातींवर एकच प्रतिविष चालते.

प्रतिबंध : घरात वा शेतावरील झोपडीत बाजेवर निजावे व मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोचाव्यात. धान्याची पोती, सरपण व तणस निजण्याच्या जागेपासून दूर ठेवावे. रात्री विजेरीवाचून बाहेर पडू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी जवळच्या कोणत्या रुग्णालयात या दोन्ही सोयी आहेत याची चौकशी पावसाळ्यापूर्वीच करून ती माहिती घरोघर पोचवावी. दंश झाल्यावर शोध घेण्यास अवधी उरत नाही.