लंगडत पुढच्या लढाईला

बुद्धिबळाचा डाव संपला की राजा आणि प्यादं एकाच डब्यात जातात. छोट्या पुतळ्यांच्या युद्धखेळातही बराच काळ हेच चाले. दोन भिडू टेबलावर टेकड्या मांडत, फासे टाकत, संध्याकाळपर्यंत कुणीतरी हरे. पुढच्या खेपेला गारद झालेली पलटण पुन्हा ताजीतवानी हजर. मोहिमेने, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या लढायांच्या मालिकेने, यात एकच फरक केला. आजचं नुकसान उद्याच्या डावात सोबत येऊ लागलं.

कल्पित जगात हा उद्योग सर्वांत थाटात केला तो साउदॅम्प्टनच्या टोनी बाथ यांनी. रॉबर्ट हॉवर्डच्या कोनन-कथांमधलं हायबोरिया त्यांनी नकाशावर आणलं आणि वर्षानुवर्षं चालवलं. राज्यं, सैन्यं, खजिने, सगळ्याची नोंद वहीत. सरदार इमानी की फितूर, हे ते पत्ते ओढून ठरवत. १९७३ साली त्यांनी मोहीम कशी उभारावी यावर पुस्तकही लिहिलं. पण असा कारभार हाकायला मुळातच हाडाचा कारकून लागतो, आणि बहुतेक भिडूंना तर फासे टाकायचे असतात. १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने स्वतःला ‘युद्धखेळांच्या मोहिमांचे नियम’ असंच म्हणवून घेतलं होतं. मात्र त्याचे खेळाडू सैन्य सोडून एकेका पात्रातच रमले.

छोट्या मोहिमेचा ठसठशीत नमुना म्हणजे गेम्स वर्कशॉप या कंपनीचा १९९९ सालचा ‘मॉर्डहाइम’ हा खेळ. टुओमास पिरिनेन यांनी अलेसिओ कावातोरे आणि रिक प्रिस्टली यांच्या साथीने तो रचला. धूमकेतू कोसळून उद्ध्वस्त झालेलं शहर, ढिगाऱ्यांत विखुरलेले जादुई दगड, आणि ते वेचायला आलेल्या टोळ्या. हाताशी ५०० सोन्याची नाणी. त्यांत नायक, शिपाई, तलवारी, सगळं बसवायचं. म्हणजे डझनभर पुतळे आणि हिशेबाला एक कागद. बाथ यांची अख्खी वही त्या कागदावर मावली.

खरी गंमत लढाई संपल्यावर सुरू होई. पडलेल्या प्रत्येक नायकासाठी दोन फासे टाकायचे, एक दशकाचा, एक एककाचा. ११ ते १५ आले तर तो मेला. २२ म्हणजे पायाला जखम, चाल कायमची एक इंचाने कमी. ३१ आले तर एक डोळा गेला, नेम बिघडला. ३६ आले तर जीव वाचला, पण हत्यारं-चिलखत लुटलं गेलं. ६४ मध्ये चेहरा इतका भेसूर होई की शत्रूच घाबरू लागे. ६५ आले तर नायक आखाड्यात विकला जाई आणि तिथल्या मल्लाशी झुंजूनच त्याला सुटता येई. पाच-सहा लढायांत टोळीतला प्रत्येकजण कुणीतरी झालेला असे. असा इतिहास बसून लिहायचा म्हटला तर जमत नाही.

मोहिमेचं जुनं दुखणं म्हणजे जिंकणारा बळावत जातो आणि हरणाऱ्याचा जीव खेळातून उडतो. मॉर्डहाइमने दुबळ्या टोळीला वरचढाशी लढल्याबद्दल जादा अनुभव दिला; मोठ्या टोळीला दगड विकून मिळणारी कमाई कमी ठेवली. तरी दरी वाढतेच. म्हणून मोहीम आटोपशीर असलेली बरी. बाराव्या लढाईला मार खायला कोण येणार?

२००४ च्या उन्हाळ्यात गेम्स वर्कशॉपनेच उलटा घाट घातला. ‘स्टॉर्म ऑफ केऑस’ या जगभरच्या मोहिमेत घराघरांतल्या लढायांचे निकाल गोळा केले गेले. कथेला मिडेनहाइम शहराच्या तटापर्यंत धडकणारा खलनायक आर्केऑन हवा होता, फासे मात्र त्याच्या बाजूने पडेनात. कथा ओढूनताणून तिथवर नेली गेली. पुढे २०१४-१५ मध्ये ‘एंड टाइम्स’च्या पुस्तकांत आर्केऑनची स्वारी नव्याने सांगितली गेली आणि ते कल्पित जगच संपवलं गेलं. भिडूंनी टाकलेले फासे तिथे कुणी मोजले नाहीत.

त्याच २०१५ मध्ये जोसेफ मॅक्‌कलो यांचा ‘फ्रॉस्टग्रेव्ह’ हा खेळ आला. बर्फात गाडलेलं शहर, एक जादूगार, त्याचा शिष्य आणि भाडोत्री सोबती. सहा बाजूंच्या फाशाऐवजी वीस बाजूंचा. पुतळे कुठल्याही कंपनीचे चालतात, असं नियमच सांगतात. म्हणजे मॉर्डहाइमचे डोळा गेलेले, पाय ओढणारे जुने शिपाईही डब्यातून काढून त्या बर्फात उतरवता येतात. जुना कागद तेवढा बदलायचा.